मार्श, डॅम्प आणि गाऱ्हाणं

"तिसरो शर्ट हो, काशिनाथा. चवथो नाय घरात," माई म्हणाली.

काशिनाथ घाडीने तोही घामाने भिजवला होता, आणि अजून शाळेची वाटही धरली नव्हती. कुणकेश्वरजवळच्या हायस्कुलात तो ऐंशी सालापासून इंग्रजी शिकवत होता, पण हंगामी. आज देवगडहून शिक्षण खात्याचे साहेब त्याचा तास बघायला येणार होते. पसंत पडला तर कायम, नाहीतर जूनपासून घरी.

ओसरीवर बाबा लुळ्या अंगाने पडून होते. देवळात गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालून मागणं मागायचा मान त्यांचा. अर्धांगवायू झाल्यावर गावाने काशिनाथला गळ घातली, तर पठ्ठ्याने हात झटकले. इंग्रजीच्या मास्तराने देवापुढे घसा ताणायचा म्हणजे काय?

आठवीच्या फळ्यावर त्याने ओलाव्याचे शब्द लिहिले. डॅम्प, सॉगी, मार्श, क्रीक. साहेब हेडमास्तरांसोबत मागच्या बाकावर बसले. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी पोरं आज मिठाची गुळणी धरून बसली.

"मार्श म्हणजे काय?"

काशिनाथ खिडकीपर्यंत गेला, परत आला. हातातला खडू मोडला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडी लहानपणापासून कानात मुरलेलं गाऱ्हाणंच आलं, बाबांच्या वरच्या पट्टीत.

"खाजणात ढोपराइतको पाय रुतता, तो मार्श रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," पहिल्या बाकावरचा महादू सवयीने बोलून गेला. देवळात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला असंच म्हणायचं असतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली होती.

"पावसात पापड सादळलो, तो डॅम्प रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आता अख्खा वर्ग.

"भातात पाणी जास्त झाला, भात गिचको झालो, तो सॉगी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

साहेब उठले. "घाडी, ही शाळा आहे की देऊळ?" एवढंच बोलून ते हेडमास्तरांच्या घरी जेवायला निघून गेले. पोरं खाली मान घालून बसली. काशिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन त्याने बाबांना सगळं सांगितलं. ते हसतील, नाहीतर रागावतील, असं वाटलं होतं. बाबांनी वाकड्या तोंडाने, एकेक शब्द ओढत विचारलं, "शेवटाक काय मागलंस?"

"मागूक? कायेक नाय. ते शब्द होते, बाबा."

"गाऱ्हाणा घातलंस आणि मागलंस नाय? मगे देतलो कोण?"

काशिनाथ उठला, चपला अडकवल्या आणि भर उन्हात हेडमास्तरांच्या घराकडे निघाला. चार-पाच वर्षं त्याने मिळेल ते घेतलं होतं, सांगतील ते केलं होतं. तोंड उघडून कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

साहेब जीपमध्ये बसत होते. काशिनाथने दाराला हात लावला.

"साहेब, मला कायम करा. मी चांगलं शिकवतो."

आवाज चढला नाही की कापला नाही. साहेब "बघू," म्हणाले, आणि जीप धुरळा उडवत गेली.

'बघू'चा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. तरी तो भराभर घराकडे चालू लागला. मागितलं, एवढं बाबांना सांगायचं होतं.