चिंगीची पाटी, अप्पांचं ब्लेड

मी पाटी बोलतेय. खडूने लिहायची नव्हे आणि दुकानावर टांगायचीही नव्हे. मी चित्रं काढायची पाटी. दुकानात मला ड्रॉइंग टॅबलेट म्हणतात, पण ज्या घरात मी आले तिथे पहिल्या दिवसापासून सगळे मला पाटीच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं.

दिसायला मी अगदीच साधी. काळी, सपाट, वहीपेक्षा जराशी मोठी. मला स्वतःचा पडदा नाही. पेन फिरतं माझ्यावर आणि चित्र उमटतं समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं त्याने. घरी आलेले पाहुणे पडद्यापुढे उभे राहून "वा, काय रंग आहेत!" म्हणतात आणि बोलता बोलता हातातला चहाचा कप खुशाल माझ्यावर ठेवतात. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता मी कपाखालचा ऊबदार शेक घेत पडून राहते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या अंगाला मुद्दाम बारीक खरखर दिली. पेन गुळगुळीत काचेवरून घसरावं तसं घसरू नये, हाताला कागदाचा भास व्हावा म्हणून. शेवटी डोक्याला टोपी घातलेल्या एका बाईंनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि नुसतं "हं" म्हटलं. तेवढ्यावर माझी रवानगी खोक्यात झाली.

खोक्यात माझ्यासोबत एक पेन होतं आणि पेन ठेवायच्या स्टँडच्या पोटात मूठभर निबा होत्या. निब म्हणजे या पेनाचं टोक. प्लास्टिकची बारीक काडी, पुढून गोलसर. आत शाई नाही, काही नाही. नुसती माझ्यावर घासत फिरते. माझं आणि निबांचं नातं नणंद-भावजयीचं. एकमेकींना घासल्याशिवाय आमचा दिवस जात नाही. माझ्या खरखरीने ती एका बाजूने झिजते, तिरकी होते. तिरकी झाली की तिला धार येते आणि मग ती मला ओरबाडते. म्हणून वेळेवर तिला निवृत्त करून नवी बसवावी लागते.

माझी मालकीण लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. वय चाळिशीला टेकलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा, पण तिचे वडील तिला अजून चिंगीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. चित्र जमत असलं की चिंगी गुणगुणते. जमत नसलं की दात-ओठ खाऊन पेन माझ्यावर दाबते, जणू चूक माझीच आहे. तिच्या हाताखालची माझी मधली जागा झिजून झिजून तिच्या नवऱ्याच्या टकलासारखी चमकायला लागली.

नवरा दातांचा डॉक्टर. निब बदलायची झाली की चिंगी त्यांनाच बोलावते. ते गंभीर चेहऱ्याने पेन उजेडात धरतात, "झिजलीय, काढावी लागेल" असं सांगतात आणि चिमट्याने ओढता ओढता निबेला म्हणतात, "दुखणार नाही हं." हा विनोद ते दर वेळी करतात आणि दर वेळी एकटेच हसतात.

आता अप्पांचं सांगते, कारण माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते त्यांच्यामुळेच.

अप्पा म्हणजे चिंगीचे वडील. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवर उभं राहून, ब्रशने, एकेक अक्षर. मग छापील पाट्या आल्या आणि त्याच सुमाराला त्यांचा हात थरथरायला लागला. ब्रश माळ्यावर गेले आणि अप्पा लेकीकडे राहायला आले. ते सकाळी पेपर वाचायचे, कुंड्यांना पाणी घालायचे आणि उरलेला दिवस खिडकीशी बसायचे. चिंगी हौसेने हाक मारायची, "अप्पा, बघा ना, हे कसं झालंय?" की खिडकीकडून उत्तर यायचं, "मला काय करायचंय?"

चिंगीला ते "मला काय करायचंय" फार लागायचं. अप्पांनी पुन्हा एकदा तरी हातात काहीतरी धरून रेघ ओढावी एवढीच तिची इच्छा होती. तिला वाटायचं, यांचं चित्रांवरून मनच उडालं. पण मी टेबलावरून बघत होते ना! ती काम करत असली की अप्पा दारात येऊन उभे राहायचे आणि खाली सोडलेल्या हातांची त्यांची बोटं हवेत रेघा ओढत असायची.

एके दिवशी ते आत आले आणि म्हणाले, "हे जोरात दाबलं की रेघ जाड होते, होय?"

"होते ना अप्पा! ब्रशसारखीच."

"हं," म्हणून ते निघून गेले. चिंगी धावत स्वयंपाकघरात नवऱ्याकडे गेली. "अरे, अप्पांनी आज प्रश्न विचारला!" तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

त्या वेळी चिंगीच्या हातात एका उंटाचं पुस्तक होतं. उंटाला थंडी वाजते आणि सगळे प्राणी मिळून त्याच्यासाठी स्वेटर विणतात, अशी गोष्ट. उंटाचा स्वेटर म्हणजे विचार करा! मान केवढी, पाय केवढे, वर ती मदार. एकेक टाका वेगळा काढायचा. निबांमागून निबा झिजत होत्या. पुस्तक द्यायची तारीख तोंडावर आली होती, तीनच चित्रं राहिली होती आणि चिंगी सकाळीच काही कामाला बाहेर गेली.

अप्पा हळूच खोलीत आले. इकडेतिकडे बघून खुर्चीवर बसले. पेन उचललं, टोकावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "अगदीच बोथट की!" मग त्यांनी स्टँड उघडला, उरलेल्या निबा तळहातावर ओतल्या. त्याही सगळ्या गोलसर. "सगळ्याच बोथट दिल्यात. पोरगी म्हणूनच एवढी दाबत असते."

काम सुरू होण्याआधी हत्यार तयार हवं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी खिशातून ब्लेड काढलं आणि शांतपणे, मन लावून, शिसपेन्सिलीला करतात तसं एकेका निबेला टोक काढलं. पेनातलीलासुद्धा. हात थरथरत होता, पण टोकं काय सुरेख आली होती! सुईने हेवा करावा अशी.

मग त्यांना करून बघायचा मोह झाला. कॉम्प्युटर बंद होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी माझ्यावर 'क' काढला. काहीच उमटलं नाही. जरा दाबून काढला, तरी नाही. मग शिडीवर उभं राहिल्यासारखा श्वास रोखून त्यांनी असा जोर लावला, की माझ्या चमकत्या मध्यभागी पांढरा, वळणदार, ठसठशीत 'क' कोरला गेला.

"आता कसा उमटला!" अप्पा खूश झाले.

मला काय झालं ते विचारू नका. पण एक सांगते, किती वर्षांनी त्या माणसाच्या चेहऱ्यावर तो आनंद आला होता! मला धड रडताही येईना.

चिंगी आली, कामाला बसली आणि पहिल्याच रेघेला पेन 'क'च्या गाठीत अडखळून उडालं. पडद्यावरच्या उंटाला नाकातून एक शिंग फुटलं. तिने खाली पाहिलं. स्टँड उघडला. निबा पाहिल्या.

"अप्पा! हे काय केलंत?"

"बोथट होत्या गं, चिंगे. टोकं काढून दिली."

"बोथटच असतात त्या! असायलाच हव्यात! पाटीची वाट लावली तुम्ही. आता मी चित्रं कशी द्यायची? तुम्ही यापुढे कशाला हात लावू नका."

अप्पांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले. त्या दिवशी ते दारातसुद्धा आले नाहीत. मला माझ्या ओरखड्यापेक्षा तेच जास्त झोंबलं. चिंगीलाही झोंबलं असणार, कारण ती पेन हातात घेऊन नुसतीच बसून होती.

दुकानात फोन केला तर नव्या निबा मागवाव्या लागतील, वेळ लागेल, असं कळलं. नवी पाटीसुद्धा लगेच मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा डॉक्टर पुढे सरसावले. टोकदार निबा डबीत घालून ते दवाखान्यात घेऊन गेले आणि कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या यंत्रावर एकेकीचं टोक गोल करून आणलं. परत आलेल्या निबा अंगाने थोड्या आखूड झाल्या होत्या, पण चकचकीत होत्या. "आता यांना काहीही चावता येईल," डॉक्टर म्हणाले. या वेळी मात्र चिंगी हसली.

राहिला माझा ओरखडा. त्यावर एकच उपाय होता, माझ्यावर वरून कागद चिकटवायचा. साधा कागद लगेच फाटला असता. चिवट, पातळ कागद हवा होता आणि तसा कागद घरात एकाच माणसाकडे होता. अक्षरांचे नमुने काढायच्या कागदाची गुंडाळी अप्पांनी ब्रशांबरोबर जपून ठेवली होती.

चिंगी खिडकीशी गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"अप्पा, तुमचा तो कागद हवाय."

"माळ्यावर आहे. काढून घे. मी कशाला हात लावत नाही."

"अप्पा, चुकलं माझं. तोंडाला येईल ते बोलले मी."

"चूक माझी, तू कशाला माफी मागतेस?"

"मग दोघांची. चला ना. मला कापता येत नाही सरळ, तुम्हाला माहितीये."

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

अप्पांनी कागद माझ्यावर अंथरला, नखाने घडी मारली आणि त्याच ब्लेडने चारी बाजू कापल्या. पेन त्या कागदावरून फिरायला लागलं तेव्हा खरोखर पेन्सिलीचा आवाज आला. स्वेटर पुढे सरकला. निबा भराभर झिजल्या, डॉक्टरांनी भराभर उपटल्या आणि तिन्ही चित्रं पुरी झाली.

मग चिंगीने हळूच पेन अप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "पुस्तकाचं नाव राहिलंय. छापील अक्षरं मला नको आहेत. तुम्ही लिहा."

"वेडी का काय? हात बघ माझा." त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता.

"नाव काय आहे पुस्तकाचं? 'उंटाला वाजली थंडी.' थंडी वाजल्यावर अक्षरं कुडकुडणारच, अप्पा. माझ्या हाताला ते कुडकुडणं जमत नाही. दोन दिवस प्रयत्न करतेय, सगळं नाटकी दिसतं."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. ती समजूत काढतेय की खरं बोलतेय, याचा अंदाज घेत असावेत. मला विचाराल तर ती खरंच बोलत होती. तिचे ते दोन दिवसांचे प्रयत्न माझ्याच अंगावर झाले होते.

त्यांनी पेन धरलं. पहिलाच 'उ' फसला. लगेच खांद्यावरचा पंचा घेऊन त्यांनी मला खसाखसा पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं. "पुसलं जात नाहीये गं!"

"हे बटण दाबायचं. मागचं जातं."

त्यांनी दाबलं. 'उ' गेला. त्यांना इतकी गंमत वाटली की त्यांनी दाबायचा सपाटाच लावला आणि उंटाचा अर्धा स्वेटर उसवला. "अप्पा!" चिंगी किंचाळली, दुसरं बटण दाबून तिने सगळे टाके परत आणले आणि मग बापलेक असे हसत सुटले की डॉक्टर हातात पळी घेऊन काय झालं बघायला आले.

त्यानंतर अप्पांनी सगळं नाव लिहिलं. प्रत्येक रेघ थरथरत होती आणि प्रत्येक अक्षर आपापल्या जागी ताठ उभं होतं. ते कुडकुडत होतं, पण पडत नव्हतं. अप्पा पेन खाली ठेवून म्हणाले, "'थं'वरचा ठिपका जरा मोठा हवा," आणि पुन्हा पेन उचललं.

पुस्तक छापून आलं. चिंगीसाठी नवी पाटी आली, माझ्याहून देखणी. ती टेबलावर बसली आणि डॉक्टरांनी मला उचलून विचारलं, "आता हिचं काय करायचं? भंगारात द्यायची?"

"द्या इकडे," अप्पा म्हणाले. "माझी आहे ती."

तेव्हापासून मी खिडकीशी असते. माझा कागद अप्पा स्वतः बदलतात. हल्ली ते डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी लिहिताहेत. रोज लिहितात, रोज खोडतात, डॉक्टरांनी विषय काढला की "घाई केलीत तर दाताचा 'द' वाकडा येईल" असं दटावतात.

मागच्या आठवड्यात ते पेनातली निब काढून तळहातावर घेऊन थेट जेवणाच्या टेबलाशी गेले. ती एका बाजूने पार तिरकी झाली होती.

"चिंगे, बघ. संपली. सगळी माझ्या हाताने झिजली."

चिंगीने निब हातात घेतली. ती तिने मुठीत घट्ट धरली आणि डॉक्टर चक्क विनोद करायचे विसरले.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात एखादं हत्यार माळ्यावर पडलं असेल आणि त्याचा माणूस खिडकीशी बसला असेल, तर दोघांना एकत्र आणा. वस्तू ओरबाडली जाईल, निबा फुकट जातील, जाऊ द्यात. आम्ही झिजायलाच आलो आहोत आणि मी तर मोठ्या आनंदात झिजतेय.

आता पुरे करते. अप्पा चष्मा पुसत येताहेत आणि कामाच्या वेळी मधे बोललेलं त्यांना अजिबात खपत नाही.