बक्शीच्या वाटीतला मध

चाबूक सपकन बसला आणि चार वर्षांच्या सैकालच्या पाठीवरचा वळ फुटून रक्त आलं. पोर किंचाळलीसुद्धा नाही. तंबूत दाटीवाटीनं बसलेली कुरणावरची माणसं मात्र भारावून बघत होती. मेल्यागत पडलेलं लेकरू हा जिन्न उतरवणारा बक्शी शार्शेन उठवून बसवतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

"जिन्न हट्टी आहे," शार्शेन गुरगुरला. "पण याचा आजासुद्धा माझं नाव ऐकून पळाला होता."

मी या कुरणांवर घोड्यावरून फिरणारी डॉक्टर. आत शिरले तेव्हा सैकालचा बाप बेकबोलोत मान खाली घालून बसला होता. मागच्या हिवाळ्यात त्याचा मुलगा एल्दार याच चाबकाखाली दगावला होता.

"तापात काही खाल्लं का हिनं?" मी विचारलं.

"कालपासून घास नाही, डॉक्टरताई," तिची आई झूरा म्हणाली. "तिच्या तोंडून जिन्न जेवतो, असं बक्शी म्हणाले. भाकरीसुद्धा घराबाहेर काढायला लावली."

आमच्याकडं वाटसरूलाही भाकरीचा तुकडा चाखल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आणि आजारी लेकरू उपाशी! माझं टाळकंच सटकलं. मी चाबूक हिसकावला. शार्शेननं ठोसा हाणला, माझा ओठ फाटला. मी चाबकाचा दांडा त्याच्या मनगटावर असा घातला की तो मटकन खाली बसला.

पोरीच्या बोटाला सुई टोचून पाहिलं. रक्तात साखर जवळजवळ नव्हतीच. शिरेतून ग्लुकोज दिलं. ना मंत्र, ना फटका. थोड्या वेळानं सैकालनं डोळे उघडले. "आई, दुखतंय," ती म्हणाली.

शार्शेनची मंतरलेल्या पाण्याची वाटी मी झूरापुढं धरली. "चाख."

"मध आहे यात," ती म्हणाली.

"मारून झालं की हा हिरड्यांना हेच चोळतो. उठवतो मध, नाव होतं चाबकाचं. अहो, पोट रिकामं असलं की शरीर चरबी जाळून भागवतं. पेशीतल्या चुलीत ते काम एक एन्झाइम करतं. काही लेकरांत ते जन्मापासूनच बिघडलेलं असतं. ती उपाशी राहिली की साखर संपते, चरबीही जळत नाही. हिला तेच असणार. शहरात तपासून घेऊ."

"मग एल्दार?" बेकबोलोतनं विचारलं.

"बहुतेक त्यालाही हेच होतं."

"त्यालाही मध चोळला होता मी," शार्शेन पुटपुटला. "जरा उशीर झाला."

बेकबोलोत स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. "त्याचे पाय मी धरले होते," तो म्हणाला.

बाबांनो, आजारी लेकराला उपाशी ठेवू नका. ते निपचित पडलं तर घोडा थेट दवाखान्याकडं हाका. आणि कुणी चाबूक उचललाच, तर लेकराचे पाय सोडा आणि त्या मारणाऱ्याचा हात धरा.