मागे न जाणारी बस

ज्याला मागे जाणं ठाऊक नाही तोच पुढे जातो, हे व्हर्जिल तोमोझेइचं जीवनसूत्र होतं. अर्थात ते फक्त बसला लागू होतं. स्वतः व्हर्जिल नऊ वर्षांत चौदा वेळा प्रशिक्षक झाला होता, आणि हाकलून देणाऱ्या क्लबांनीच परत बोलावलं तेव्हा निमूटपणे परतही गेला होता. खेळाडू म्हणून तो उजवीकडचा बचावपटू. रुमानियाच्या राष्ट्रीय संघाकडून एकदाच खेळला, तेही अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत चेंडू त्याच्या बाजूला फिरकलाच नाही, त्यामुळे त्याच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीत आजवर कुणालाही खोट काढता आलेली नाही.

पण सामन्याच्या दिवशी खेळाडू बसमध्ये बसले की बस मागे जायची नाही. हा नियम त्याने पहिल्या गुरूंकडून, नेआ मिताकेंकडून, उचलला होता; वडीलधाऱ्या माणसाला तिकडे नेआ म्हणतात. पंच्याऐंशीच्या मोसमात मिताकेंची बस एकदाही मागे गेली नाही, आणि संघ वरच्या श्रेणीत गेला. का जायची नाही, हे विचारायचं व्हर्जिलच्या मनात तेव्हापासून घोळत होतं. अठराव्या वर्षी धीर झाला नाही. बावन्नाव्या वर्षी विचारावं, तर इतकी वर्षं न कळताच पाळलं काय, असं व्हायचं.

मोसमाचा शेवटचा सामना वालेआ रेचेला होता, सकाळी अकराला. बरोबरी झाली तरी त्याचा रिपेनीचा क्लब तिसऱ्या श्रेणीत टिकणार होता, आणि क्लब टिकला तरच व्हर्जिल टिकणार होता. अध्यक्षांनी हे त्याला आदल्या दिवशी चोर्बा, म्हणजे आंबट सूप, भुरकता भुरकता सांगितलं, आणि वर थोडी साय घालून घे म्हणून आग्रहही केला.

सव्वादहाला चालक नेआ ग्लिगोर वळण चुकले. दहा पावलं पुढे गेले, एवढंच. कुठल्याही देशात माणूस दहा पावलं मागे येतो. ग्लिगोर पुढच्या वळणाला वळले. रस्ता अरुंद होत होत गल्ली झाली, गल्ली एका हिरव्या फाटकाशी संपली. दोन्ही बाजूंना कुंपणं.

"आता?" व्हर्जिलने विचारलं.

"आता फाटक," ग्लिगोर म्हणाले.

गोलरक्षक पेत्कु संघात सगळ्यात वडील, म्हणून सगळ्यात चिडका. प्रशिक्षकाला तो सगळ्यांसारखा मिस्टर म्हणे. "मिस्टर, दोनशे मीटर मागे घेऊ द्या. देव काय गिअर मोजत बसलाय?"

"मागच्या वर्षी दुसऱ्या एका संघाने पेट्रोल पंपावर बस मागे घेतली होती," मागून कुणीतरी म्हणालं. "पाच गोल खाल्ले."

"ते पाच गोल गोलरक्षकाने खाल्ले, बसने नाही!" पेत्कु उसळला.

"आम्ही खाली उतरतो, मग घ्या मागे. रिकाम्या बसला कसला अपशकुन?" एका पोराने तोडगा काढला.

व्हर्जिलला हे पटण्यासारखं वाटलं. पण रिकामी चालते की नाही, हे सांगणार कोण? त्याने खाली उतरून चौतीस वर्षांत पहिल्यांदाच तो प्रश्न विचारायला मिताकेंना फोन लावला. वाजत राहिला. म्हातारा आलुबुखाराच्या बागेत असणार.

दहा पस्तीस झाले. सव्वाअकरापर्यंत मैदानात नसले तर तीन-शून्य हार, न खेळताच.

"गिअर न्यूट्रलला टाका," तो म्हणाला. "पोरांनो, ढकला."

"म्हणजे बस मागेच जाणार ना?" पेत्कु.

"बस जात नाही. आपण नेतोय."

फाटक उघडून एक बाई बाहेर आली. हातात रिकामी बादली, म्हणजे आणखी एक अपशकुन. अकरा जण एकदम ओरडले. ती शांतपणे आत गेली, बादली भरून आली आणि फाटकाला टेकून बघत राहिली.

"का रे बाबांनो, मागचा गिअर नाही का हिला?"

"आहे की, मावशी."

"मग?"

पोरं ढकलत राहिली. चढ होता, बोलायला दम नव्हता.

वालेआ रेचेला पोचले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सत्त्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला रिपेनीच्या उजव्या बचावपटूच्या पोटरीत गोळा आला. तो जागच्या जागी बसला, आणि त्याच्या बाजूने जो चेंडू आला तो थेट जाळ्यात गेला. अध्यक्षांनी व्हर्जिलशी हस्तांदोलन केलं. ते इतकं सौजन्याचं होतं की पुढचं बोलायची गरज पडली नाही.

परतीच्या वाटेवर मिताकेंचा फोन आला.

"हरलास म्हणे. बस मागे घेतलीस का?"

"नाही, नेआ. ढकलली." मग त्याने एकदाचं विचारलं, "नेआ, घेतली असती तर काय झालं असतं?"

"मला काय माहीत?"

"पण पंच्याऐंशीला तुम्ही…"

"तेव्हा रिव्हर्स गिअर तुटला होता रे. कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवाला गाडी बिघडली सांगितलं की चौकशी लागायची, कुणी बिघडवली म्हणून. अपशकुनाला चौकशी नव्हती."

"मग दुरुस्त नाही केला?"

"केला ना. सुटा भाग बुखारेस्टहून यायचा होता. जूनमध्ये आला, मोसम संपल्यावर."