माझ्या रबरावरचे दात

मी रेग्युलेटर. पाण्याखाली पाणबुड्याच्या तोंडात असतो, तो. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा माझ्यातून त्याच्या छातीत जाते. मला स्वतःचं तोंड नाही. मी दुसऱ्यांच्या तोंडात जगतो.

मला घडवलं समुद्रासाठी. समुद्र मी पाहिलाच नाही. मी आलो अकोल्याला, जठारपेठेतल्या वामनरावांच्या शोधपथकात. इथं माणूस पाण्यात उतरतो तो रंगीत मासे बघायला नाही, प्रेत काढायला.

माझा पहिला धनी शेषराव. तो मला इतका घट्ट चावायचा की त्याचे दात माझ्या रबरावर उमटले होते. एकदा खोल पाण्यात त्याला ओकारी आली आणि त्यानं मला तोंडातून काढलं. ओकून झालं की माणूस खोल श्वास घेतोच, तो आवरत नाही. मी त्याच्या छातीशी लोंबकळत होतो, हवेसकट. त्यानं ओढलं ते पाणी.

तेव्हापासून माझ्यात एक श्वास जास्तीचा आहे. कुणी मला तोंडात धरलं की त्याच्याआधी, अगदी हलकेच, दुसरं कुणीतरी आत ओढतं.

आता मी वामनरावांच्या पुतणीकडे, प्रणालीकडे आहे. ती अमरावतीला शिकली, डायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आली.

या उन्हाळ्यात बार्शीटाकळीच्या पुढं, पाणी साचलेल्या जुन्या खदानीत बैल धुताना नत्थुजी बुडाले. त्या गावची रीत अशी, की प्रेत निघून त्याला अग्नी मिळेपर्यंत चूल पेटत नाही आणि शोधणाराही अन्नाला शिवत नाही. प्रणालीनं डबा उघडला. वामनरावांनी झाकण लावलं.

"मोठेबाबा, उपाशीपोटी पाण्यात मळमळते."

"माणूस पाण्यात पडून हाये अन् तुले भाकर सुचते? शेषरावही उपाशीच उतरे."

"म्हणूनच तो वर आला नाई."

वामनरावांनी दोराचं वेटोळं तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "मळमळलं त तोंड मोकळं करजो. आमी विहिरीत तसंच करत होतो."

"तुमी श्वास दाबून उतरत होते. हे येगळं हाये. किती डाव सांगू?"

त्यांचं तिनं ऐकलं नसतं. पण काठावर नत्थुजींची बायको माणिकबाई बसली होती, पाण्याकडे पाहत, ओठ सुकलेले. तिच्यासमोर प्रणालीला घास उचलवेना. डबा ठेवून ती उतरली.

थोडं खाली गेलं आणि उजेड संपला. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. टॉर्चपुढं नुसता गाळ तरंगत होता. रिकाम्या पोटातलं आंबट पाणी तिच्या घशाशी आलं. तिचे ओठ थरथरले, जीभ मला बाहेर ढकलू लागली. शिकलेलं सगळं ती त्या क्षणी विसरली आणि तिचा हात मला काढायला वर आला.

तेवढ्यात तिचे दात शेषरावच्या खुणांत बसले. जबडा तिचा होता. चावा तिचा नव्हता.

मी हललो नाही. ती माझ्यातच ओकली. आंबट, पिवळं पाणी माझ्या झडपेतून बाहेर गेलं. मग तिला आठवलं. मला ओठांशी दाबून धरत तिनं माझ्यावरचं बटण दाबलं, हवेच्या झोतानं मी स्वच्छ झालो आणि तिनं श्वास घेतला. त्याच्याआधी कुणीतरी घेतला होता.

चक्कर थांबावी म्हणून तिनं हातानं आधार शोधला. खडकाच्या कपारीत काहीतरी घट्ट लागलं. ते धरून, डोळे मिटून, ती सावकाश श्वास घेत राहिली. पोट शांत झाल्यावर तिनं टॉर्च वळवली.

तिनं नत्थुजींचा हात धरला होता.

त्यांना दोर बांधून ती हळूहळू वर आली. नत्थुजींना काठावर घेतल्यावर माणिकबाई खूप रडली. मग प्रणालीचा पांढराफटक चेहरा पाहून तिनंच डबा उघडला.

"खाय माय."

"अवं बाई, आजून आग..." वामनराव म्हणाले.

"चूल माह्या घरची हाये. तिले खाऊ द्या."

प्रणालीनं सगळ्यांदेखत भाकर खाल्ली. वामनरावांनी मान वळवली.

घरी तिनं मला बादलीत धुतलं आणि माझं जुनं रबर बदललं. तेव्हापासून मी खिळ्याला टांगलेला आहे. नवं रबर अजून कुणाच्याच तोंडात गेलेलं नाही. तरी त्याच्यावर दात उमटू लागलेत.

पोरी, त्या खुणांना भिऊ नकोस. पुन्हा ढवळलं तर माझ्यातच ओक, त्यांच्यातच दात रोव, पण मला सोडू नकोस. आणि कुणी काहीही म्हणो, जेवून उतर.