जास्तीचं तेल

पातूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी चंद्रभान आणि माणिकबाईचं तीन एकर बरड वावर आहे. तिथे कापूस कधी गुडघ्याच्या वर गेला नाही, म्हणून चंद्रभानने रोशा गवत लावलं. हे गवत फुलावर आलं की कापायचं, मोठ्या लोखंडी टाकीत दाबून भरायचं आणि खाली विस्तव घालायचा. वाफेबरोबर तेल निघतं, गुलाबासारख्या वासाचं. ना रासायनिक खत, ना फवारा. अमरावतीचा एक साबणवाला ते सेंद्रिय म्हणून घ्यायला तयार होता, फक्त प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी तीन वर्षं तपासणी असते. दोन वर्षं नीट पार पडली होती.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात तपासणीला आचल आली. अकोल्याची, सत्तावीस वर्षांची, कमी बोलणारी. तिने सगळं वावर पायी पाहिलं, चंद्रभानची शेतीच्या नोंदींची वही वाचली, तेलाचे कॅन मोजले. मग ओसरीत बसून बराच वेळ आकडेमोड केली.

"काका, तीन एकरांत तीस किलो तेल म्हणजे खूप झालं," ती म्हणाली. "इथे एक्केचाळीस आहे."

"यंदा गवत जोरात आलं."

"गवत पाहिलं मी. चांगलं आहे. तरी अकरा किलो जास्तीचं आहे."

चंद्रभानचा आवाज चढला. "म्हंजे मी चोरी करून राहिलो काय?"

"चोरी नाही म्हणत. कुठून आलं, एवढंच विचारते."

माणिकबाई चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. "अवो, सांगून टाका ना."

"तू चूप बस."

"काहून चूप बसू? चांगलं काम केलं ते लपवता, अन् खोटं बोलता तोंड वर करून!"

मग माणिकबाईनेच सांगितलं. नाल्यापलीकडे गंगूबाईचं एक एकर आहे; ते तपासणीत नाही. एकटी बाई. त्यांचं पाहूनच तिनेही रोशा लावला. सप्टेंबरात ती अंगणात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. गवत उभ्या उभ्या वाळायला लागलं, तेव्हा या दोघांनी चार दिवस खपून ते कापलं आणि आपल्याच टाकीत, आपल्याच गवतासोबत टाकलं.

"तिचं बी आमच्यासारखंच," चंद्रभान म्हणाला. "तिनं कधी फवारा मारला नाही."

आचल चहा पिऊन उठली आणि नाला ओलांडून पाहून आली. गंगूबाईच्या बांधाला, धुऱ्याला लागून दुसऱ्याची कापसाची पऱ्हाटी होती. धुऱ्यावर फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. परत येऊन तिने ते सांगितलं.

"बाजूच्यानं मारला असंल," चंद्रभान पुटपुटला.

"वारा कोणाचं ऐकते?" माणिकबाई म्हणाली.

"मंग तेल तपासा ना मशिनीवर. दवाई सापडली तर मीच नाल्यात ओततो," चंद्रभान म्हणाला.

आचलने छोट्या बाटलीत नमुना भरून घेतला. बारा दिवसांनी तिचा फोन आला. तेलात काहीच सापडलं नव्हतं.

"झालं ना मंग?" चंद्रभान खूश झाला.

"नाही काका. कितीक औषधं वाफेबरोबर येतच नाहीत, चोथ्यातच राहतात. तेल साफ निघालं म्हणजे वावर सेंद्रिय, असं नाही म्हणता येत."

"मंग वावर सेंद्रिय आहे हे सांगते तरी कोण?"

"तुम्हीच सांगता. तुमची वही सांगते. मी वर्षातून एक दिवस येते. बाकी सगळं तुमच्या शब्दावर चालतं."

चंद्रभानने समोरची वही उघडली. मग तो म्हणाला, "अन् माह्या वहीत गंगूबाई नव्हती."

"नव्हती, काका."

त्याने फोन ठेवून दिला. अहवाल लिहिताना आचलने दोनदा खोडलं. तेल कुठून आलं हे लपवलं, असं तिला लिहावंच लागलं. त्याखाली तिने स्वतःहून एक ओळ घातली: विचारल्यावर घरच्यांनीच खरं सांगितलं. प्रमाणपत्र एक वर्ष पुढे गेलं. एक्केचाळीस किलो तेल साधं तेल म्हणून कमी भावात गेलं.

पुढच्या नोव्हेंबरात आचल पुन्हा तपासणीला आली, तेव्हा कोणी घ्यायला येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण चंद्रभान स्टँडवर उभा होता. त्याने तिची बॅग घेतली आणि पुढे चालू लागला. वावराजवळ आल्यावर म्हणाला, "चार महिने तुह्यावर राग होता मले. मंग म्हटलं, पोरगी खरं तेच बोलली."

ओसरीत आता दोन वह्या होत्या. दुसरीवर माणिकबाईच्या हाताने गंगूबाईचं नाव लिहिलेलं. दोन्ही वावरांचं गवत वेगळं भरलं होतं, मधे टाकी घासून धुतली होती. पऱ्हाटीकडच्या बाजूने गंगूबाईच्या वावरात फवारा अडवायला तुरीची दाट पट्टी उभी होती आणि तिथल्या चार ओळींचं गवत भट्टीत टाकलंच नव्हतं. आचलने पुन्हा आकडेमोड केली. या वेळी मेळ बसला. चंद्रभानच्या तेलाला प्रमाणपत्र मिळणार होतं. गंगूबाईचं मात्र हे पहिलंच वर्ष.

गंगूबाई काठी टेकत आली होती. तिने विचारलं, "माह्यं कधी व्हते?"

"अजून दोन वर्षं, आजी."

"दोन वर्सं? तवरा मी राहीन का?"

"राहाच लागते," चंद्रभान म्हणाला. "वहीत नाव लिवलं आता."

गंगूबाई खळखळून हसली. "चाल माय," ती आचलला म्हणाली, "माह्या वावराचा धुरा मीच दाखवतो तुले."

माणिकबाईने पुढे होऊन तिचा हात धरायला पाहिलं. गंगूबाईने तो झटकला आणि सगळ्यांच्या पुढे नाल्याकडे निघाली.