हाकेचे नाव

१९३७ च्या मार्गशीर्षात लक्ष्मीबाईंनी जेवण सोडले. आजार म्हणावा असा काही नव्हता. कर्जतचे डॉक्टर नाडी पाहून म्हणाले, वय झाले आहे, गोड बोलून भरवा. पण लक्ष्मीबाई गोड बोलण्याला दाद देत नव्हत्या. सकाळी त्या मागच्या दारच्या पायरीवर बसत आणि लहान मुलीसारखे पाय हलवत समोरच्या धुक्याकडे पाहत. धुक्यावर माथेरानचा डोंगर तरंगत असे. खाली काही नसल्यासारखा.

त्यांची मुलगी सुनीती मुलींच्या शाळेत शिकवी. ती शाळेत गेली की अंगणात पारू बसे. पारू डोंगरातल्या वाडीवरची, मोळी विकायला येता येता या घरची झालेली.

"आजी नाय जेवली," पारूने सांगितले. "मी म्हनलं, लक्ष्मीआजी, जेव गं. तर मलाच इचारते, लक्ष्मी कोन?"

"आणि?"

"म्हंते, आईनं हाक मारली का जेवीन. अजून हाक आली नाय. आता तिची आय मी कुठून आनू? माजीच मला सापडत नाय."

सुनीतीने आईजवळ जाऊन "आई" म्हणून पाहिले, "लक्ष्मीबाई" म्हणून पाहिले. पायरीवरचे डोके वळले नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आले की आई लग्नाआधीच्या दिवसांत जाऊन बसली आहे, आणि तिथे तिला लक्ष्मी म्हणून कोणी ओळखत नाही. ते नाव लग्नात सुनीतीच्या वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिले होते. त्याआधीचे नाव काय, हे सुनीतीने लहानपणी एकदा विचारले होते. "ते तिकडंच राहिलं," एवढेच आई म्हणाली होती.

तिकडे म्हणजे खालापूरला. तिथे आता माणूस उरले नव्हते. आईचे एकुलते भाऊ, बापूमामा, निपुत्रिक वारले होते आणि घर परक्यांकडे गेले होते.

रविवारपर्यंत थांबणे शक्य नव्हते. दूधसुद्धा आईच्या घशाखाली उतरत नव्हते. सुनीतीने शाळेत रजा टाकली आणि खोपोलीची गाडी धरली. डब्यात तिचा डोळा लागला. तिला दिसले की गाडी एकेका स्टेशनवर थांबते आहे आणि प्रत्येक पाटी कोरी आहे. कापलेल्या भाताच्या खाचरांतून बायका चालल्या आहेत, कोणीतरी दुरून हाक मारते आहे आणि सगळ्याच थबकून एकमेकींकडे पाहत आहेत. हाक कुणाला, ते कुणालाच कळत नव्हते. जागी झाली तेव्हा पेंढ्याचा वास डब्यात भरला होता.

खोपोलीला उतरून ती खालापूरला पोचली. तिथल्या कचेरीत विष्णूपंत कारकुनांनी जन्माच्या जुन्या नोंदी काढून दिल्या.

"वारसाचा दावा आहे का, बाई?"

"नाही."

"मग नाव कशाला हवंय?"

"हाक मारायचीय."

विष्णूपंतांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर घेऊन पाने उलटली. आजोबांचे नाव सापडले. पुढच्या रकान्यात लिहिले होते, 'मुलगी'. वरच्या ओळीत दुसऱ्या कुणाच्या नावापुढेही मुलगी, खालच्या घराच्या नोंदीतही मुलगी.

"जन्म झाला की पाटील वर्दी देतो," विष्णूपंत म्हणाले. "बारसं त्यानंतर. पोरीचं नाव काय ठेवलं ते सांगायला परत कोण येतंय? तुमची नोंद काढली तर तीही अशीच असेल."

मग राहिले वाचनालय. बापूमामांनी मरण्याआधी आपली पुस्तके गावच्या वाचनालयाला दिली होती. चालक हरीभाऊंनी ती सगळी बाकावर आणून ठेवली आणि माठातले पाणी दिले.

"तांब्या काळा पडलाय, राग मानू नका. घासणारी बाई माहेरी गेलीय."

सुनीतीने एकेक पुस्तक उघडले. पहिल्या पानावर बापूमामांची सही, कुठे त्यांच्या वडिलांची. पंचांगाच्या समासात म्हैस व्याल्याची तिथी होती. घराण्याची वंशावळही निघाली. तिच्यात पुरुषांची नावे फांद्यांसारखी पसरली होती आणि मुलींच्या जागी काहीच नव्हते. कौलातल्या काचेतून पडलेला उन्हाचा तुकडा बाकावरून सरकत जमिनीवर उतरला. तिने पुस्तके मिटली. त्या उजेडात धूळ इतकी सावकाश फिरत होती की सुनीती काही वेळ नुसती पाहत राहिली.

परतीच्या गाडीला अवकाश होता. रिकामे बसवेना, म्हणून तिने तांब्या उचलला, अंगणातल्या झाडाखालची चिंचेची दोन बोटुके वेचली आणि दगडावर बसून घासू लागली.

"अहो, हे काय! तुम्ही पाहुण्या!" हरीभाऊ धावत आले.

"दिवसभर तुमचं पाणी प्याले."

"आमचं कसलं, तुमचंच आहे. बापूसाहेबांनी पुस्तकांबरोबर माठ नि तांब्याही पाठवला. म्हणाले, वाचणाऱ्याला तहान लागते."

काळे उतरत गेले तसे काठाखाली बारीक ठोक्यांचे ठिपके उमटले. सुनीतीने तांब्या उन्हात तिरपा धरला. 'चि. मथुरा. बारशाची भेट, आजोळकडून.'

त्या घरात मुलगी एकच होती.

"म्हणजे हा सासरी गेलाच नाही," ती म्हणाली.

"जायचा कसा? नाव बदललं की जुन्या नावाचं भांडं मुलीबरोबर पाठवत नाहीत. माझ्या बहिणींची तीन आहेत फडताळात." हरीभाऊ घुटमळले. "न्यायचाय का? देणगीची वस्तू आहे, देऊन टाकता येणार नाही. पण पुस्तकासारखी नोंद करतो. पंधरा दिवसांत परत करा."

सुनीती घरी पोचली तेव्हा दिवे लागायचे होते. आई पायरीवरच होती. पारू म्हणाली, "तशीच हाय. पानीबी नाय घेतलं."

सुनीतीने मागे उभे राहून म्हटले, "मथुरा."

पाय हलत राहिले.

"मथुराबाई."

"अगं ताई," पारू हसली, "पोरीला बाई म्हंतीस व्हय?"

सुनीती आत गेली. पान मांडले, भात वाढला, वर तूप घातले. आई आपल्याला खेळातून कशी बोलवी, ते ती आठवत राहिली. सुनीती असे पुरते नाव आईने कधी घेतलेच नव्हते. मग चुलीपाशी बसूनच, थोडे रागावून, थोडे लांबवून, तिने हाक दिली.

"मथे! ये गं, पान वाढलंय!"

"आले!" बाहेरून आवाज आला. बारीक, धावत आल्यासारखा.

लक्ष्मीबाई भिंत धरत आत आल्या. दारात थांबून दोन्ही हात पुढे केले. सुनीतीने तांब्यातले पाणी त्यांच्यावर ओतले. त्या पाटावर बसल्या आणि भात कालवू लागल्या.

"केव्हाची कान लावून होते," घास तोंडात ठेवून त्या म्हणाल्या. "इतका उशीर का केलास, आई?"

"लांब गेले होते," सुनीती म्हणाली, आणि आणखी भात वाढला.

पंधरवड्याने तिने हरीभाऊंना कार्ड टाकले. वाचनालयातून नेलेला तांब्या अजून वाचून झालेला नाही, कृपा करून मुदत वाढवावी.