हक्काने सांगा

शैलेंद्र, माझा नवरा, वकील आहे आणि आमच्या प्रांताच्या सभेत निवडून आलेला सदस्यही. शिवाय तो एका बंधुमंडळात आहे. पांढरे हातमोजे घालायचे, एकमेकांना 'बंधू' म्हणायचं आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मला तो पोरखेळ वाटायचा. त्याला वाटायचं, नेदरलँड्समध्ये आपल्याला भाऊ मिळाले.

त्याला मंडळात घेतलं त्या दिवशी जेवणाला बायकांनाही बोलावणं होतं. आभार मानताना तो म्हणाला, "कधीही काही लागलं तर हक्काने सांगा." पुण्यात हे वाक्य आपण जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यालाही ऐकवतो, आणि तो बिचारा काही मागत नाही. इथे मात्र टेबलाभोवतीचे सगळे उठून उभे राहिले. मंडळाचे प्रमुख, म्हातारे हेन्ड्रिक, यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी हेन्ड्रिक घरी आले. त्यांच्या जावयाला नदीकाठच्या सखल जमिनीवर घरं बांधायची होती. पूर आला तर ती बुडणार, हे शैलेंद्र पहिल्यापासून ओरडून सांगत होता. लोकांनी त्याला मतं दिली ती त्यावरच.

"बुधवारी सभेत त्यावर मतदान आहे," चहा ढवळत हेन्ड्रिक म्हणाले. "तू म्हणाला होतास, हक्काने सांगा. मी सांगतोय."

"आमच्यात ती बोलायची पद्धत असते," शैलेंद्र म्हणाला.

"तू बंधूंसमोर उभं राहून बोललास. तुझे निम्मे अशील बंधूंनीच पाठवलेत ना?"

त्यांनी आवाज चढवला असता तर मी त्यांना दार दाखवलं असतं. पण त्यांनी चिवड्याचं कौतुक केलं.

बुधवारी मी प्रेक्षकांत बसले होते. बांधकामाच्या बाजूने हात वर गेले, त्यांत शैलेंद्रचाही होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

शनिवारी हेन्ड्रिक केक घेऊन आले, आभार मानायला. शैलेंद्र मान खाली घालून बसला होता. हा माणूस कधी एकदा जातो असं मला झालं होतं. दारापर्यंत सोडायला मीच गेले, आणि लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं, "येत राहा."

ते थांबले. कोटाच्या खिशातून फोन काढून त्यांनी कॅलेंडर उघडलं.

"पुढचं मतदान आठ तारखेला आहे," ते म्हणाले. "त्याआधीचा रविवार चालेल?"